खिंडारातला भुंगेरा

रत्नागिरीत सुनेत्रा मोघेच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक मायक्रोस्कोप असतो. त्याला जुन्या परकराचं टोपडं शिवलेलं आहे, नाडीसकट. टोपडं काढलेलं असलं की सुनेत्रा कामात आहे आणि घातलेलं असलं की पानं घ्यायची वेळ झाली आहे, हे तिच्या नवऱ्याला, उन्मेषला, न सांगता कळतं. मुलगी मनस्विनी पुण्याला असते. तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "आई, टोपडं घातलंय की काढलंय?" काढलंय म्हटलं तर ती म्हणते, "मग नंतर करते," आणि ठेवून देते.

सुनेत्राला त्याचं बरं वाटतं. घरातल्या बाईचं काम हे काम म्हणून धरलं जायला किती वर्षं जातात, ते तिला ठाऊक आहे. ती ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पुढे शिकायचं होतं, पण आधी मनस्विनी लहान होती, मग सासूबाईंचं दुखणं निघालं, मग बारावीचे तास वाढले. पंचेचाळिशीला आल्यावर कॉलेजने अडगळीत काढलेला हा मायक्रोस्कोप ती रीतसर परवानगी मागून घरी घेऊन आली. उन्मेषने त्याचा फुटका आरसा बदलून दिला. पहिल्या दिवशी तिने त्याच्याखाली रव्यातलं पोरकिडं ठेवून पाहिलं. ते इतकं देखणं निघालं की त्या दिवशी उपमा झालाच नाही.

तिचं सासर हेदवीचं. तिथे तिचे सासरे, आप्पा, एकटे राहतात आणि नारळी-पोफळीचं आगर सांभाळतात. एका गणपतीत निर्माल्य गोळा करायला म्हणून सुनेत्राने आगरातून एक विरी उचलली. पोफळीचं पान गळतं तेव्हा त्याच्या बुडाचा चामड्यासारखा रुंद पदर त्याच्याबरोबर खाली येतो, ती विरी. तिचे द्रोण होतात, तिच्यावर बसून मुलं एकमेकांना ओढतात, आणि बाकीच्या पावसात कुजतात. ही अर्धी कुजलेली होती. तिच्या घडीतून तीळभर आकाराचे, तिळाहून चपटे, तपकिरी ठिपके पळाले. सुनेत्राने निर्माल्य तसंच ठेवलं आणि सासूबाईंच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत त्यातले काही धरले.

फोटो तिने दर्शनला पाठवले. दर्शन मूळचा बेळगावचा, बंगळूरला एका संस्थेत भुंगेऱ्यांवर काम करणारा तरुण मुलगा. एका कार्यशाळेत ओळख झालेली. त्याचं उत्तर आलं, "मॅडम, हा मी कुठेच पाहिलेला नाही." मग पुढची दोन-तीन वर्षं दोघांनी जुने शोधनिबंध काढून, परदेशातल्या संग्रहालयांतले नमुने फोटोवरून ताडून, हा भुंगेरा आधी कुणी नोंदवलेला नाही याची खात्री करून घेतली. वर्णन सुनेत्राने लिहिलं. पाठीवरच्या रेघा, मिशांच्या गाठी, पोटाखालची लव. एवढ्याशा जिवाला किती अंगं असतात, ते लिहिताना कळत होतं.

अडलं ते एका ठिकाणी. या कुळातल्या दोन जाती वरून बघून सारख्याच वाटू शकतात. वेगळेपण पक्कं ठरतं ते नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या अवयवावरून. तो सोडवून काढायचा, त्याचं चित्र द्यायचं, तरच वर्णन पुरं. आणि सुनेत्राकडे माद्याच माद्या होत्या. नर एकच मिळालेला होता, पुढच्या पायांच्या रुंद तळव्यांवरून ओळखलेला.

तो तिने मे महिन्यात सोडवायला घेतला. वीज गेलेली होती, खिडकीतला उजेड चांगला होता, पंखा बंद म्हणून वाराही नव्हता. सुईच्या टोकावर तो अवयव वेगळा झाला, तिने श्वास धरून ठेवला, आणि वीज आली. पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं. पंखा फिरला आणि टेबलावरचा नर, त्याचं पोट, त्याचे पाय, सगळं गेलं.

उन्मेष तेव्हा ऑफिसात होता. संध्याकाळी त्याला टोपडं नाडी बांधून घातलेलं दिसलं आणि सुनेत्रा केरसुणी न वापरता ओल्या बोटाने फरशी टिपत होती.

"काय सांडलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तीन वर्षं," सुनेत्रा म्हणाली.

तेव्हापासून वीज गेली की उन्मेष आधी घरभर फिरून पंख्यांची बटणं बंद करतो.

पावसाळ्यात दोनदा हेदवीला जाऊन, आप्पांची दुपारची झोप साधून, शोधलं, तर पुन्हा माद्याच. त्यातच दर्शनला परदेशात शिष्यवृत्ती मिळाली. दिवाळीनंतर तो जाणार होता. "मॅडम, मी गेल्यावर माझं सगळं लक्ष तिकडच्या कामात जाईल. हे राहिलं की राहूनच जाईल," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, याबद्दल सुनेत्राला तो आवडला. दिवाळीआधीच्या रविवारी त्याने मायक्रोस्कोप घेऊन हेदवीला यायचं, दिवसभर शोधायचं, असं ठरलं. तिने आप्पांना फोन केला.

"आप्पा, रविवारी येतोय. बरोबर पाहुणे आहेत. बंगळूरहून आपल्या आगरातला भुंगेरा बघायला येतायत."

"भुंगा? माडाच्या शेंड्यात लागतो तो?"

"तो नव्हे हो. हा कुणाला काही करत नाही. जगात कुठेच नोंद नाही त्याची."

"मग आपल्याकडे कुठून आला?"

"आला नाही, होताच."

"असतो कुठे?"

इथे सुनेत्राने सांगायला हवं होतं की कुजक्या विरीखाली असतो. पण आप्पांचं आगर म्हणजे अख्ख्या वाडीत स्वच्छ. त्यांना तोंडावर तुमच्याकडे कुजलेलं आहे म्हणणं तिला जमलं नाही. "असतो असाच, पोफळींत," ती म्हणाली.

"बरं. या. बंगळूरच्या माणसाला आंबोळी चालते का विचारून ठेव."

रविवारी जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून सुनेत्रा, उन्मेष आणि दर्शन पलीकडे उतरले आणि सकाळच्या चहाच्या वेळेला हेदवीत पोचले. आप्पा बेड्यात, म्हणजे कुंपणाच्या दारातच, उभे होते. अंगात ठेवणीतला सदरा. त्यांच्यामागे आगर दिसत होतं, आणि ते बघून सुनेत्राचे पाय तिथेच थांबले.

आगर असं झाडलं होतं की पंगत बसवावी. जमिनीवर पान नाही, काडी नाही. पोफळींना कमरेएवढा चुना लावलेला. पाण्याच्या पाटाच्या दोन्ही कडा लिंपलेल्या. विहिरीशेजारी राखेचा मोठा ढीग होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता.

"कसं वाटतंय?" आप्पांनी दर्शनला विचारलं.

"फार सुंदर," दर्शन म्हणाला, आणि सुनेत्राकडे बघितलं.

"आप्पा, विऱ्या कुठे गेल्या?"

उत्तर दिलं ते मथुराने. ती आप्पांकडे वर्षानुवर्षं कामाला येते. "जालल्या सगल्या, वयनी. आप्पांनीच सांगितलानी, पाव्हनं येनार, एक पान दिसता कामा नये. कालपासून धूर खातंय मी."

सुनेत्रा ओट्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी उन्मेषनेच वडिलांना सांगितलं की भुंगेरा राहतो तो त्या कुजक्या विऱ्यांतच.

आप्पांनी राखेकडे पाहिलं. "कचऱ्यात?"

"हो."

"तू मला आगरात म्हणालीस," ते सुनेत्राला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कचऱ्यात म्हणाली असतीस तर कचरा ठेवला असता. पाहुणा यायचा म्हटल्यावर झाडायचं नाही तर काय करायचं माणसाने?"

"तुमचं काही चुकलं नाही, आप्पा."

"चुकलं नाही काय? जाळला की मी त्याला."

"पाहुणा भुंगेराच होता, आप्पा," उन्मेष म्हणाला. कुणी हसलं नाही.

तरी त्यांनी शोधलं. रात्रीत पडलेल्या ताज्या विऱ्या उलटून पाहिल्या, पण त्या कोवळ्या, कोरड्या. भुंगेऱ्याला पावसाळाभर भिजून काळी पडलेली विरी लागते. पाटाच्या तोंडाशी, केळींच्या बुंध्यांत, गोठ्याच्या पडवीमागे सगळीकडे पाहिलं. आप्पांनी आपलं काम चोख केलेलं होतं. दुपार व्हायला आली तेव्हा सुनेत्रा आगराच्या अगदी कडेला पोचली आणि तिला गडग्यातलं खिंडार दिसलं.

गडगा म्हणजे चिऱ्यांची रचलेली भिंत. याच्या अलीकडे आप्पांचं आगर, पलीकडे त्यांच्या चुलतभावाचं, धोंडूकाकांचं. काही वर्षांपूर्वीच्या वादळात धोंडूकाकांचा एक माड मुळासकट आडवा झाला आणि गडग्याचा चार हात भाग घेऊन आप्पांच्या बाजूला पडला. आप्पा म्हणाले, माड तुझा, गडगा तू बांधून दे. धोंडूकाका म्हणाले, वारा काय माझा होता? गडगा तुमच्या हद्दीतला, तुम्ही बांधा. बोलणं तिथे थांबलं ते थांबलंच. गडगा कुणी बांधला नाही. पण गुरं येऊ नयेत म्हणून आप्पांनी आपल्या बाजूने खिंडारात विऱ्या कोंबल्या, आणि धोंडूकाकांनी त्यांच्या बाजूने. दर वर्षी खालच्या कुजून बसत आणि वरून दोघंही नव्या घालत. एकमेकांकडे न बघता.

आता तिथे विऱ्यांचा बुटका, काळा, दमट ढीग झाला होता. तेवढाच झाडलेला नव्हता.

सुनेत्राने हात पुढे केला.

"तिथे हात लावायचा नाही," मागून आप्पा म्हणाले. "मथुरालाही मी तेच सांगितलं. त्यातली एक विरी मी काढली की झालं. आप्पांनी खिंडार साफ केलं, म्हणजे गडगा त्यांचा, असं धोंडू साऱ्या वाडीत सांगत फिरेल."

"मी काढत्ये, आप्पा. तुम्ही नाही."

"तू आमच्या घरातली नाहीस का?"

सुनेत्राने मान हलवली आणि ती परत फिरली. ओट्यावर येऊन तिने शोधण्यासाठी आणलेला पांढरा पंचा झटकला आणि घडी घालायला लागली. टोकाला टोक जुळवून, हाताने दाबून. आप्पा बघत होते. सासूबाई आजारी असताना तिने याच ओट्यावर अशाच चादरींच्या घड्या घातल्या होत्या, आणि तेव्हा तिचा अभ्यास सुटून पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर गेला होता. आप्पांना ते तेव्हा दिसलं होतं की आत्ता दिसलं, कोण जाणे. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि ते आगरात उतरले.

गडग्याशी जाऊन ते खाकरले. पलीकडे धोंडूकाका सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"धोंडू."

"कोण?"

"कोण म्हणजे? डोळे गेले का तुझे?"

"डोळे आहेत. तुमच्या हाकेची सवय गेली."

आप्पांनी ते गिळलं. "यातल्या विऱ्या काढायच्यायत."

"का? गडगा बांधताय?"

"नाही."

"मग खिंडार मोकळं करून गुरं सोडताय माझ्याकडे?"

"गुरं तुझ्याकडेच आहेत रे. माझा गोठा कधीचा रिकामा आहे." आप्पा थांबले. "सुनेला किडा हवाय त्यातला. जगात कुठे नसलेला."

धोंडूकाका सोलणी ठेवून उठले. "आणि तो तुमच्या आगरात नाही?"

"होता. झाडला."

धोंडूकाकांना हसू आलं, ते त्यांनी आवरलंही नाही. "एवढं चकचकीत ठेवल्यावर किडा तरी कशाला थांबेल?" मग ते खिंडाराजवळ आले आणि पलीकडून सुनेत्राला म्हणाले, "काय गो, खरंच हवाय?"

"हवाय, काका. फार."

"मग माझ्या बाजूच्या मी काढणार, तुमच्या तुम्ही. आणि काढल्या म्हणून गडगा कुणाचा झाला नाही. कबूल?"

"कबूल," आप्पा म्हणाले.

"पाहुण्यांनी ऐकलं ना?"

"ऐकलं," दर्शन म्हणाला.

पंचा पुन्हा उलगडला. दोन्ही बाजूंनी दोन म्हातारे एकेक विरी सोडवून देऊ लागले. वरच्या कोरड्या, मधल्या ओल्या चामड्यासारख्या, तळाच्या हातात न येणाऱ्या. पंच्यावर झटकलं की गोमी, वाळवी, छोट्या गोगलगायी, आणि त्यांच्यामधून पळणारे चपटे तपकिरी ठिपके. सुनेत्रा तोंडाने ओढायच्या नळीने ते बाटलीत घेत होती.

"हे काय, हुक्का?" धोंडूकाकांनी विचारलं.

"तसंच. फक्त किडा तोंडात जात नाही. मध्ये जाळी आहे."

"जाळी फाटली म्हणजे?"

"आजवर दोनदा फाटली आहे."

मथुराने पदर नाकाला लावला. "आनि मग वयनी तशाच जेवायला बसतात," ती म्हणाली. आप्पा पहिल्यांदा हसले.

दर्शनने ओट्यावर मायक्रोस्कोप मांडला. उन्मेषने पंख्याचं बटण बंद केलं, जरा विचार केला, आणि जाऊन घराचा मेन स्विचच बंद केला. सुनेत्रा एकेक भुंगेरा भिंगाखाली घेऊ लागली. मादी. मादी. ही पण मादी. धोंडूकाका गडग्याला वळसा घालून, इतक्या वर्षांनी, बेड्यातून आत आले आणि ओट्याच्या कडेला टेकले. आप्पांनी मथुराला चहा वाढवायला सांगितला, एवढंच.

बाटलीतले संपत आले होते. सुनेत्राने आणखी एक घेतला, सुईने त्याचे पुढचे पाय सरळ केले आणि बराच वेळ डोळा हलवला नाही.

"दर्शन, बघ."

दर्शनने पाहिलं. "रुंद आहेत तळवे," तो म्हणाला. "मॅडम, नर."

त्याच्यामागोमाग आणखी दोन नर निघाले. ते सगळे आधी जपून कुप्यांत भरले गेले, चिठ्ठ्या लावून. मगच सुनेत्राने एक सोडवायला घेतला. मथुरा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली, कप हलू नयेत म्हणून ट्रे पोटाशी धरून. तो अवयव सुटा झाला, काचेवरच्या ग्लिसरीनच्या थेंबात उतरला, आणि तिथेच राहिला. टोकाशी आकड्यासारखा वळलेला. माहीत असलेल्या एकाही जातीत असा नव्हता.

सुनेत्रा मागे सरकली. "आप्पा, बघता?"

आप्पांनी डोळा लावला. "मला माझ्याच पापण्या दिसतायत."

"जरा लांबून बघा."

मग त्यांना दिसलं. ते वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. "एवढंसं?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी तू मे महिन्यात जेवत नव्हतीस?"

"उन्मेषने सांगितलं वाटतं."

"मनस्विनीने सांगितलं."

"सरका हो," धोंडूकाका म्हणाले. "माझ्या बाजूचाही असेल त्यात."

नावाचा विषय चहाबरोबर निघाला. नवीन जातीला नाव द्यावं लागतं, एखाद्या माणसाचंही देता येतं, असं दर्शनने सांगितलं. आप्पांनी लगेच हात वर केला. "माझं नको. बाजारात म्हणतील, मोघ्यांच्या सुपारीला कीड आहे."

"माझं चालेल," धोंडूकाका म्हणाले.

"मग कुणाचंच नको," आप्पा म्हणाले, आणि नाव गावाचं द्यायचं ठरलं.

विऱ्या पुन्हा खिंडारात गेल्या. तळाच्या तळाला, वरच्या वर, जशा होत्या तशा. गडगा निदान सुनेत्राचं काम पुरं होईपर्यंत बांधायचा नाही, यावर दोघा भावांचं एकमत झालं. वादळानंतरचं पहिलंच.

पुढच्या वर्षी वैशाखात निबंध छापून आला. सुनेत्रा आणि उन्मेष त्याच्या दोन प्रती घेऊन हेदवीला गेले. एक आप्पांना, एक धोंडूकाकांना. आप्पांनी चष्मा लावून ओट्यावर बसून पानं उलटली. इंग्रजी होतं, पण चित्रं पुष्कळ होती. आकड्याचं चित्र त्यांनी ओळखलं. शीर्षकात भुंगेऱ्याचं दोन शब्दी नाव तिरप्या अक्षरांत होतं, आणि त्याच्यापुढे सरळ अक्षरांत 'मोघे', मग दर्शनचं आडनाव.

"हे इथे आपलं आडनाव का?" त्यांनी सुनेत्राला विचारलं.

"ज्याने वर्णन केलं त्याचं नाव पुढे लागतं. कायमचं."

"म्हणजे जगात कुठेही हा किडा निघाला तरी?"

"पूर्ण नाव लिहिलं की मोघे येणारच."

आप्पांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि सुनेत्राकडे पाहिलं. "तुझं," ते म्हणाले. मग प्रत घेऊन गडग्याशी गेले आणि या वेळी खाकरलेही नाहीत.

"धोंडू, बघ. आडनाव लागलंय."

धोंडूकाकांनी पलीकडून हात पुसून कागद घेतला आणि डोळ्यांशी धरला. "आडनाव तर माझंही हेच आहे," ते म्हणाले. "म्हणजे दोघांचा झाला."

"झाला," आप्पा म्हणाले. खिंडारातल्या वरच्या विऱ्या उन्हाने वाळून वर उचकटल्या होत्या. त्यांनी एक हाताने दाबून नीट बसवली. "किडा दोघांचा. गडगा मात्र तुझा."